आठ जणांच्या गर्दीतलं इंग्रजी

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात गटचर्चेवर स्वतंत्र पाठ आहे, आणि तो आहे लेखनकौशल्यांच्या विभागात. लेखी परीक्षेत त्यावर चार गुणांचा पर्यायी प्रश्न येतो. तिघं-चौघं चर्चा करताहेत अशी कल्पना करायची, प्रत्येकाच्या तोंडी दोन-तीन वाक्यं घालायची आणि सगळ्यांचं एकमत करून टाकायचं. उत्तरपत्रिकेतल्या या चर्चेत कुणी कुणाला तोडत नाही, कुणाला शब्द आठवत नाही असं होत नाही, आणि चौघांचंही इंग्रजी सारखंच चांगलं असतं, कारण ते एकाच पेनातून उतरलेलं असतं. हाच मुलगा चार वर्षांनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्लेसमेंटच्या जीडीला, म्हणजे ग्रुप डिस्कशनला, बसतो. समोर सात जण, बाजूला पॅनेल, हातात पंधरा मिनिटं. खरीखुरी गटचर्चा तो पुष्कळदा त्या दिवशी पहिल्यांदा करत असतो. बोर्डाच्या इंग्रजीला तोंडी परीक्षेचे २० गुण आहेतच. चर्चेचे चार गुण तिकडे हलवायला काय अडचण आहे, हे मला कधी कळलेलं नाही.

जीडीत बाद झालेल्याला कारण विचारलं तर तो इंग्रजीकडे बोट दाखवतो. 'मराठी मिडियम ना,' एवढं म्हटलं की विषय संपतो. इंग्रजी कच्चं असेल तर फटका बसतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ही परीक्षा आली कुठून, गुण कशाचे देतात आणि तिचा अभ्यास करणाऱ्यांना काय आढळलं, हे एकत्र मांडून पाहिलं की इंग्रजीवर नको इतका ठपका पडतोय असं दिसतं. नेमक्या क्षणी तोंड उघडणं आणि दुसऱ्याच्या बोलण्याला हात घालणं या दोन गोष्टींवर बरंच काही ठरतं. शिवाय शेजारी कोण बसलंय यावरही, आणि ते आपल्या हातात नसतं.

मुळात गटचर्चा भाषेची परीक्षा नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकारी कमी पडू लागले. घराणं, शाळा आणि मुलाखतीतली छाप बघून निवडलेले उमेदवार पुढे प्रशिक्षणात टिकेनात. म्हणून १९४२ मध्ये वॉर ऑफिस सिलेक्शन बोर्डं सुरू झाली. जर्मन सैन्यात गटचाचण्या आधीपासून होत्या, त्यांचा आदर्श समोर होता. या बोर्डांत विल्फ्रेड बायन नावाचा मानसोपचारतज्ज्ञ होता, जन्माने आपल्या मथुरेचा, १८९७ चा. त्याने नेता न नेमलेल्या गटाची पद्धत बसवली. काही उमेदवारांना एक काम द्यायचं, म्होरक्या कोण ते सांगायचं नाही आणि बाजूला उभं राहून बघत बसायचं. कोण जास्त बोलतो यात बायनला फारसा रस नव्हता. प्रत्येकाला आपलीच निवड व्हावी असं वाटत असताना, त्या ताणातही सोबत्यांचं भान कोण ठेवतो, हे त्याला हवं होतं.

१९४३ मध्ये डेहराडूनला भारतातलं पहिलं असं बोर्ड बसलं. सैन्यात अधिकारी निवडणारी आजची एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) तिथूनच पुढे आली. पाच दिवसांच्या या निवडीत पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहून घेतात, आणि मग गटाने बसून सगळ्यांची मिळून एक गोष्ट ठरवायची असते. या प्रकाराचं उमेदवारांनी ठेवलेलं नाव 'फिश मार्केट'. ज्याला निवडीतून बाहेर जायचं नाही तो ओरडतो, म्हणून शेजारचाही ओरडतो. पुढे जीटीओसमोर, म्हणजे गटचाचण्या घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, होणाऱ्या चर्चा मात्र निवांत असतात. अर्धवर्तुळात खुर्च्या, छातीवर नंबर, दोन विषय, आणि पहिला विषय दिलेल्या दोनांतून गटानेच निवडायचा. जवान भरपूर पण अधिकारी कमी, ही महाराष्ट्राची जुनी खंत. तीवर उपाय म्हणून राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. अशा संस्थेची गरज का पडली हे समजायचं तर ही अर्धवर्तुळातली खुर्ची डोळ्यांसमोर आणावी. लेखी परीक्षा पास झालेली हुशार मुलं एसएसबीतून परत येतात, ही तिथली नेहमीची गोष्ट आहे.

सैन्यातून ही पद्धत मॅनेजमेंटच्या प्रवेशात आणि कंपन्यांच्या भरतीत आली. आयआयएमचा प्रवेश म्हणजे कॅट (प्रवेशपरीक्षा), जीडी आणि पीआय (वैयक्तिक मुलाखत), असं समीकरण बरीच वर्षं होतं. क्लासेस उघडले, जीडीचे साचे तयार झाले, आणि परीक्षा घेणाऱ्यांना आठही उमेदवार एकाच क्लासचे वाटू लागले. २०१० नंतरच्या दोन-चार वर्षांत बऱ्याच आयआयएमनी जीडी बाजूला ठेवली आणि लेखी निबंधासारखी 'वॅट' आणली. ज्यांनी ही परीक्षा देशभर रूढ केली त्यांनीच ती गुपचूप गुंडाळली, याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये मात्र जीडी ठाण मांडून आहे. शंभर मुलांतून वीस मुलं दुपारपर्यंत काढायची असतील तर कंपनीला याहून स्वस्त चाळणी मिळत नाही. स्टेट बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसर भरतीत आता नाव 'ग्रुप एक्सरसाइज' आहे. तिथे २० गुण त्याला आणि ३० मुलाखतीला, आणि हिंदीतही बोलता येतं. हे ठाऊक नसल्यामुळे उगाच घाबरलेले उमेदवार पुष्कळ.

इंग्रजी भाषेचीच परीक्षा म्हणून गटचर्चा घेणारं ठळक ठिकाण म्हणजे हाँगकाँग. तिथल्या शालान्त परीक्षेत इंग्रजीच्या तोंडी पेपरात चार उमेदवार एकत्र बसतात. दहा मिनिटं तयारी, आठ मिनिटं चर्चा. गुण चार रकान्यांत, प्रत्येकी सात: उच्चार आणि बोलण्याची पद्धत, संवाद साधण्याची हातोटी, शब्द आणि वाक्यरचना, विचार आणि त्यांची मांडणी. म्हणजे आपण ज्याला 'इंग्रजी येणं' म्हणतो ते फार तर दोन रकान्यांत मावतं. केंब्रिजच्या परीक्षांतही उमेदवार जोडीने बसतात आणि समोरच्याशी केलेल्या देवाणघेवाणीला वेगळे गुण असतात. या दोन्ही ठिकाणी निकष छापील आहेत, कुणीही वाचू शकतो. आपल्याकडच्या कंपनीच्या पॅनेलसमोरच्या कागदावर काय असतं ते उमेदवाराला कळत नाही. यादी वाचली जाते, नाव नसतं, विषय संपला.

आता संशोधन काय म्हणतं. बर्नार्ड बास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ पासून नेता नसलेल्या चर्चांचा अभ्यास केला. जो जास्त वेळ बोलतो त्यालाच बघणारे नेतृत्वाचे जास्त गुण देतात, असं त्याला दिसलं. २०२० मध्ये हा प्रश्न पुन्हा तपासला गेला, आणि बुद्धिमत्ता, स्वभाव वगैरे जमेस धरूनही बोलण्याच्या वेळेचं वजन उरलंच. स्त्री-पुरुष सारखंच बोलले तरी पुरुषांच्या पदरात जास्त पडतं, असंही त्याच अभ्यासात निघालं. बायनला जे नको होतं नेमकं तेच त्याच्या पद्धतीत शिरलं.

त्याहून उद्बोधक निष्कर्ष जपानमधला. गॅरी ओकी याने २००९ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटचर्चेचे गुण स्वभावाशी ताडून पाहिले. पुढे होऊन बोलणाऱ्या विद्यार्थ्याला मवाळ मुलांच्या गटात टाकलं की त्याचे गुण वाढत होते. त्याच्यासारख्याच आक्रमक मुलांत बसवलं की घसरत होते. मवाळ विद्यार्थ्यांच्या गुणांवर मात्र सोबतीचा तसा परिणाम दिसला नाही. इंग्रजी तेच, माणूस तोच, गुण वेगळे. 'आमच्या गटात सगळे बडबडे होते' ही तक्रार आपण रडगाणं समजतो. तिच्यात तथ्य असू शकतं.

हाँगकाँगमधल्या जॅस्मिन ल्यूक यांनी २०१० मध्ये शाळकरी मुलांच्या चर्चा बारकाईने पाहिल्या. परीक्षकाला बरं दिसावं म्हणून मुलं चर्चेचं नाटक वठवतात, हे त्यांचं निरीक्षण. एकमेकांना आळीपाळीने बोलू द्यायचं, सहमती दाखवायची, ठरावीक वाक्यं टाकायची. खरा मतभेद नाही, खरा प्रश्नही नाही. आपल्या क्लासमधून बाहेर पडणारी जीडी याच जातीची असते. 'आय ॲग्री विथ माय फ्रेंड' म्हणून पुढे मित्राच्या मुद्द्याशी काडीचा संबंध नसलेलं पाठ भाषण. पॅनेलवर बसलेल्याने हे वाक्य दिवसात इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते त्याच्या कानावरून निसटून जातं.

मराठी माध्यमातल्या मुलाची खरी गोची कुठे होते ते जरा जवळून पाहू. माणसं बोलताना एकाचं संपलं आणि दुसऱ्याचं सुरू झालं, यात किती अंतर असतं? तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांत ते मोजलं. सरासरी सेकंदाचा पाचवा भाग. भाषेभाषेत थोडाफार फरक, पण साधारण एवढंच. दुसरीकडे, मनातली कल्पना एका शब्दात तोंडावाटे काढायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ आपण सगळेच समोरच्याचं वाक्य संपण्याआधी आपलं वाक्य जुळवायला घेतो. मराठीत हे आपोआप होतं. इंग्रजीत मात्र विचार मराठीत येतो, मग त्याचं इंग्रजी होतं, मग 'हॅज' की 'हॅव' याची तपासणी होते. ती पूर्ण होईपर्यंत दोन बोलण्यांमधली फट बुजलेली असते आणि तिसराच कुणी बोलायला लागलेला असतो. असं तीनदा झालं की मुलगा गप्प बसतो. पॅनेल लिहितं: आत्मविश्वास कमी.

यात वाक्यरचनेचाही वाटा आहे. मराठीत क्रियापद आणि होकार-नकार शेवटी येतात. बोलायला सुरुवात करून मग पटतंय की नाही ते ठरवण्याची सोय आहे. इंग्रजीत 'आय डोन्ट थिंक' पहिल्या झटक्यात टाकावं लागतं. पक्षच आधी सांगायचा, कारण नंतर. मराठीच्या वळणाने सगळी पार्श्वभूमी आधी सांगत गेलेल्याचा मुद्दा शेवटी येतो, आणि जीडीत शेवटापर्यंत कुणी थांबत नाही.

म्हणून आत शिरायची दोन-तीन वाक्यं तोंडात बसलेली हवीत. इतकी साधी, की त्यांचा विचार करावा लागू नये. 'कॅन आय ॲड टु दॅट?' 'वन डाउट ऑन दॅट पॉइंट.' 'आय सी इट डिफरंटली.' या वाक्यांत काही तेज नाही. त्यांचा उपयोग एवढाच, की जागा आपल्या नावावर होते आणि पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करायला दोन सेकंद मिळतात. चकचकीत सुरुवाती पाठ करणाऱ्यांना हे पटत नाही, कारण त्यांना पहिल्याच वाक्याने छाप पाडायची असते.

समजा विषय आहे, घरून काम करण्याची पद्धत कायम ठेवावी का. तीन नंबरची मुलगी म्हणते की प्रवासाचे दोन तास वाचतात, बायकांना नोकरी टिकवणं सोपं जातं. पाच नंबर अस्खलित इंग्रजीत बदलत्या जगावर, तंत्रज्ञानावर आणि महामारीने शिकवलेल्या धड्यांवर पाऊण मिनिट बोलतो. ऐकायला छान वाटतं, पण तीन नंबरचं बोलणं जिथे होतं तिथेच राहतं. मग सहा नंबर, गावाकडून आलेला, अडखळत म्हणतो: 'शी सेड ट्रॅव्हल टाइम. बट इन वन-रूम हाउस, व्हेअर शी विल सिट?' व्याकरण चुकलं आहे. पण वाक्य कुणाच्या मुद्द्याला जोडून आहे ते स्पष्ट आहे, त्यात नवी अडचण आहे, आणि शेवटी असा प्रश्न आहे की उत्तर द्यावंच लागतं. पुढचे दोघं घराच्या जागेवर, मग कंपनीने भाडं द्यावं का यावर बोलतात. चर्चा सहा नंबरच्या मुद्द्यावर गेली. डोळस पॅनेल हे टिपतं. सगळी पॅनेलं डोळस असतात असं मी म्हणणार नाही. काहींना पाच नंबरच आवडतो, आणि ज्या कामात ग्राहकाशी सतत इंग्रजीतच बोलायचं आहे तिथे ते एकवेळ समजूही शकतं.

या उदाहरणात वेळेचा हिशेबही आहे. आठ जण, पंधरा मिनिटं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत. वीस-पंचवीस सेकंदांच्या तीन-चार खेपा, एवढीच शिदोरी. पाऊण मिनिटाचं भाषण एकदा केलं की ती निम्मी संपते. पहिली खेप लवकर टाकावी, भले ती एका वाक्याची का असेना. पाच मिनिटं गप्प बसलेल्याला तोंड उघडण्यासाठी मग काहीतरी जबरदस्त सांगावं लागेल असं वाटू लागतं आणि तो आणखी गप्प होतो.

क्लासेसमध्ये मिळणाऱ्या सल्ल्यांपैकी काहींचा समाचार घेतलाच पाहिजे. पहिलं बोला, गुण मिळतात, हा त्यातला सर्वांत लोकप्रिय. विषयाची हद्द आखून देता येत असेल, म्हणजे 'घरून काम' कुणाचं, आयटीवाल्यांचं की सगळ्यांचं, असं विचारता येत असेल तर जरूर पहिलं बोलावं. नुसती व्याख्या पाठ म्हणायची असेल तर दुसऱ्याला जाऊ द्यावं. शेवटी समारोप करा, हाही तसाच. चर्चेत एकमत झालेलंच नसताना 'वुई ऑल ॲग्री' म्हणणारा, आपण ऐकत नव्हतो हे स्वतःच सांगून मोकळा होतो. आकडेवारी फेका, हा सल्ला तर धोक्याचा. आकडा कुठून आला असं पॅनेलने विचारलं की पुढची सगळी मिनिटं पाण्यात. आणि गप्प बसलेल्या मुलीला 'लेट्स हिअर फ्रॉम हर' म्हणून ओढून आणणं. यातून उदारपणा दिसतो असं शिकवतात. ती बिचारी अचानक सगळ्यांच्या नजरेखाली येते आणि तिचं उरलंसुरलं इंग्रजीही पळतं. तिने आधी अर्धवट मांडलेल्या मुद्द्याचा तिच्या नावाने उल्लेख केला तर तिला परत यायला वाट मिळते.

मराठी मुलांना एक ओझं घरचंही आहे. बोलणं म्हणजे व्यासपीठ, ही आपली जुनी सवय. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून आपण व्याख्यानांवर पोसलेलो आहोत. शाळाशाळांतून वक्तृत्व स्पर्धा होतात, ढाली मिळतात. त्या मुलांची भीड चेपते, हा फायदा खराच. पण वक्तृत्वात समोरचा ऐकायला बसलेला असतो आणि विषय आपल्या ताब्यात असतो. जीडीत दोन्ही नसतं. वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेली मुलं जीडीत अनेकदा आवाज चढवतात, हातवारे करतात, समोरच्याला खोडून काढतात आणि का पडलो म्हणून चक्रावतात. 'सोशल मीडिया: शाप की वरदान' असा विषय आला की त्यांच्यातला निबंध बाहेर येतोच. याउलट घरी, कट्ट्यावर, होस्टेलच्या खोलीत रात्री दोन वाजता क्रिकेटवर किंवा आरक्षणावर वाद घालणारा मुलगा गटचर्चेची सगळी कौशल्यं वापरत असतो: आडवं बोलतो, माघार घेतो, मध्येच शिरतो, दुसऱ्याचा मुद्दा उचलून स्वतःकडे वळवतो. तेच कौशल्य इंग्रजीत आणायचं आहे, एवढं त्याला कुणी सांगत नाही.

म्हणून सराव आधी मराठीत करावा, असं माझं मत आहे. प्लेसमेंट सेलच्या मंडळींना हे उलटं वाटेल. पण पाच-सहा जणांनी एक विषय घेऊन आधी दहा मिनिटं मराठीत चर्चा केली की मुद्दे सुटे होतात, कुणाचं काय म्हणणं आहे ते कळतं. मग तोच विषय इंग्रजीत, शब्द अडला तर मराठी शब्द घुसवून. तिसऱ्या फेरीत निव्वळ इंग्रजी. तिसऱ्या फेरीपर्यंत डोक्यातला भाषांतराचा भार बराच उतरलेला असतो आणि लक्ष समोरच्याकडे जाऊ शकतं. विषय दर वेळी नवा घेण्याचा हट्टही नको. एकाच विषयावर बाजू बदलून बोलण्यात जास्त शिकायला मिळतं. रोज इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने शब्द ओळखीचे होतात, जीभ वळते, पण मध्ये शिरण्याचा सराव होत नाही. उच्चारांवर उगाच घाम गाळू नये. मराठी वळणाचं इंग्रजी चालतं. घाईघाईत शब्दांची शेपटं गिळणारं चालत नाही.

ऑनलाइन जीडीने गणित थोडं बदललं आहे. नेटवर्कमुळे आवाज उशिरा पोचतो, ती सेकंदाच्या पाचव्या भागाची फट कुणालाच सापडत नाही, आणि दोघं एकदम बोलून दोघंही 'सॉरी, गो अहेड' म्हणत थांबतात. काही ठिकाणी मॉडरेटर हात वर करायला लावून नाव घेऊन बोलावतो. हळू बोलणाऱ्यांना हे मानवतं. माझ्या पाहण्यात प्रत्यक्ष जीडीत कायम मागे पडलेली एक-दोन मुलं स्क्रीनवर बरी खुलली.

कॉलेजांतल्या मॉक जीडीनंतर मिळणारा अभिप्राय मात्र बहुतेक ठिकाणी अजून जुनाच आहे: कॉन्फिडन्स वाढवा, व्होकॅब सुधारा, आय कॉन्टॅक्ट ठेवा. यातून उद्या नेमकं काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी चर्चा मोबाइलवर रेकॉर्ड करावी, सगळ्यांनी मिळून परत ऐकावी आणि वहीत प्रत्येकाच्या नावापुढे दोनच गोष्टी मांडाव्यात. तो किती वेळा बोलला, आणि त्यांपैकी किती वेळा आधीच्या बोलणाऱ्याच्या मुद्द्याला धरून बोलला. दुसरा आकडा पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांचा शून्य किंवा एक निघतो. तो तीनवर न्यायचा. याला ना शिक्षक लागतो, ना क्लासची फी.